गाळ

नळ आठव्या दिवशी, तोही रात्री दोनला.
आणि विहीर बोळाच्या तोंडालाच,
कचऱ्यानं काठोकाठ.

खोटं कशाला बोलू,
पहिली राखेची पाटी मीच टाकली होती तिच्यात.
त्या वर्षी सगळ्यांनाच ती बुजवायची होती,
बोललं कुणीच नाही.
फुटकी कौलं, निर्माल्य, मागाचं मोडकं सामान,
लग्नातल्या पत्रावळी.
बावीस वर्षं लागली.

मग लुमाण्णानं डोक्यात घेतलं.
पॉवरलूमच्या खडखडाटानं अर्धा बहिरा,
त्यामुळं नको म्हणणारे त्याला ऐकूच आले नाहीत.
घरटी दोनशे रुपये. कार्पोरेशनला अर्ज:
मराठीतला परत आला.
कन्नडातला निंगव्वाच्या सुनेनं लिहिला,
तो परत आला नाही, एवढंच.
"आपणच उतरूया की गा," दस्तगीर मिस्त्री म्हणाला
आणि गिलाव्याच्या कामावरची दोरखंडं घेऊन आला.

वडगावात मंगळवारी लाईट जायची तेव्हा,
माग बंद, म्हणून मंगळवार.
आधी कंदील सोडला खाली. विझला नाही.
तरी बराच वेळ कुणी उतरेना.

पहिले चार मंगळवार नुसतं प्लॅस्टिक.
पाचव्याला काळा गाळ लागला
आणि येळ्ळूरचा एक जण ट्रॅक्टर घेऊन हजर,
"भाताला चांगला असतोय, मी नेतो."
आमची घाण कुणाला तरी हवी होती!
त्या दिवशी सगळ्यांनी दोनदा चहा घेतला.

काय काय निघालं.
सतरा धोटे, हातमागाच्या काळातले.
एक पितळी तांब्या, त्याच्यावर तीन घरांचा हक्क.
आणि पत्र्याचा बोर्ड, गंजानं अक्षरं खाल्लेला.
पोरं वाकून वाकून बघूलालीत,
मराठी काय कन्नड?
एक म्हणतो वेलांटी दिसते,
दुसरा म्हणतो, वेलांटी कसली, पोचा आलाय तिथं.
कुठल्या साली, कुणाच्या दुकानावरनं,
कुणी उपटून आणून टाकला
हे ठाऊक असलेली माणसं तिथंच उभी होती,
पंपाचा पाईप नीट बसलाय काय ते बघत.
लुमाण्णानं बोर्ड पालथा घातला
आणि त्याच्यावर पंप ठेवला.

सातव्या मंगळवारी
दस्तगीरच्या धाकट्यानं खालून पाटी पाठवली.
मीच चाळत होते.
जोडवं. एकच.
चांदी काळीठिक्कर, पण वळसे ओळखीचे.

गौरव्वा. निंगव्वाची धाकटी जाऊ.
माझ्या शेजारी बसून कांड्या भरायची,
मोजायची कन्नडात, ओंदु, एरडु, मूरु,
आणि मी मुद्दाम मधेच सात म्हणायची.
हसली की तिचा धागा तुटायचा.
त्या रात्रीचं भांडण मी भिंतीआडून ऐकलं होतं.
मग पावलं, मग आवाज.
झोपेत होते, असं पोलिसांना सांगितलं.
झोपेत नव्हते. दारापर्यंत गेले होते.
कडी काढली नव्हती.

जोडवं निंगव्वाच्या हातावर ठेवलं.
तिनं मूठ मिटली, गाळासकट.
"अजून एक असंल खाली," म्हणाली. "नीट बघा."
बघितलं, आणखी दोन मंगळवार.
नाही सापडलं.

आता पाणी आहे, साडेअकरा हात.
प्यायचं नाही म्हणून सांगितलंय,
धुण्याभांड्याला चालतं.
वर जाळी, कठड्याला चुना,
नगरसेवकांनी नारळ वाढवला.
नाव कुठलं द्यायचं आणि कुठल्या लिपीत
ह्यावरून मिटिंगा चालूच आहेत,
बोर्डाचे दोन खांब नुसतेच उभे. त्यांच्यावर साड्या वाळतात.

परवा मध्यरात्री
विहिरीत धप्पकन काहीतरी पडलं.
बादली होती. जाळीचं दार उघडं राहिलेलं,
दोर कुजका.
पण ते नंतर कळलं.
आधी कड्या वाजल्या बोळभर,
एकीमागून एक.
माझी कितवी, मोजलं नाही.